पाण्यातल्या पाल्याचे लाड

ऐकलंत का? जिन्यातला दिवा दहाला बंद करा म्हणून नोटीस लावणारे आमचे सेक्रेटरी आहेत ना, त्यांच्याच हॉलमध्ये रोज दुपारी दोनला मांडव घातल्यासारखा लखलखाट होतो. कोणासाठी? काचेच्या टाकीतल्या पाल्यासाठी! टायमर लावलाय. रात्री नऊला दिवे मालवतात, कारण झाडांना म्हणे झोप लागते. दिव्याआधी तासभर कार्बन डायऑक्साइड सोडायचा, सेकंदाला एक बुडबुडा. त्याचा सिलिंडर वेगळा, हं! वहिनींचा गॅस संपला तर नंबर लावून बसतील, पण याचा जोडसिलिंडर कायम भरलेला.

हे वेड लावलं जपानच्या ताकाशी आमानोंनी. १९८२ साली कंपनी काढली, टाकीत डोंगर-कुरणं उभी केली, २०१५ मध्ये तर लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीचं जंगल पाण्याखाली वसवलं. त्या माणसाला शोभलं हो. आमच्याकडे टाकी दोन फुटी आणि दिवा लग्नाच्या हॉलचा!

त्यांना दिवा किती वॉटचा, असं चुकूनसुद्धा विचारू नका. अडाणी ठरता. ‘पार’ किती, असं विचारायचं. म्हणजे पानाच्या कामाचा उजेड पानापर्यंत पोचतो किती. उजेड कमी पडला की ती क्यूबा नावाची इवलीशी वनस्पती गालिच्यासारखी पसरायची सोडून माना वर काढते. म्हणून यांनी दिवा वाढवला. मग काय! गॅस आणि खत तेवढंच, उजेड दुप्पट. झाडांना झेपेना, शेवाळाने ताव मारला. रविवारी सकाळी सेक्रेटरी जुन्या टूथब्रशने दगड घासत होते. घरची मोरी कधी घासली असेल तर शपथ!

आणि ती रोटाला. कडक उजेडात तांबडी होते. ते रंगद्रव्य पान बऱ्याच अंशी स्वतःच्या बचावासाठी करतं. म्हणजे ती बापडी उजेडापासून अंग चोरतेय, आणि हे सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतात, ‘रंग बघा!’ संध्याकाळी तर दर्शनाला बोलावतात. पाण्यात ऑक्सिजन मावेनासा झाला की पानांच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, एकेक सुटून वर जातो. दिसतं देखणं, खोटं कशाला बोला. मी दोनदा जाऊन आले.

पण इकडे कासच्या पठारावर आपला वायतुरा पावसाळी डबक्यात फुलतो, साताऱ्याचं नाव शास्त्रीय नावात मिरवतो, त्याला कुठे टायमर?

मासे? आहेत की चार-दोन, कोपऱ्यात. बाकी शेवाळ खायला आमानोंच्याच नावाची कोळंबी आणलीय. भाव ऐकून मालवणच्या काकू एवढंच म्हणाल्या, “इतक्या पैशात किलोभर आली असती, आणि कालवणही झालं असतं.”