सायकल डोंगरावर न्यायचीय? आधी म्हैसमाळ चढा

सुट्टी लागली की आपल्या शहरातल्या गाड्यांच्या टपावर सायकली चढतात. साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून महाबळेश्वरला पोचतात, हॉटेलच्या व्हरांड्यात उभ्या राहतात आणि तशाच परत येतात. मग नेल्या कशाला?

चढाचा अंदाज नसतो, म्हणून. सिडको ते क्रांती चौक रोज सायकल मारणाऱ्याला वाटतं, आपले पाय तयार आहेत.

सपाटीला तयार आहेत.

अंदाज घ्यायला आपल्या दारात म्हैसमाळ आहे. शहर साधारण ५७० मीटर उंचीवर, म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. दौलताबाद, खुलताबाद आणि मग शेवटची चढण. पाचशे मीटरचा फरक पस्तीस-चाळीस किलोमीटरमध्ये विभागून मिळतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच उंची दहा-बारा किलोमीटरमध्ये अंगावर येते. म्हैसमाळला सायकल ढकलत नेली असेल, तर पसरणीचं नाव काढू नका. श्रावणातले शुक्रवार-शनिवार मात्र टाळा. भद्रा मारुतीला पायी निघालेल्यांनी रस्ता भरलेला असतो, आणि त्यांचा हक्क आधी.

दुकानदार ‘२१ गियर’ म्हणतो आणि आपण खूश होतो. आकड्याने चढ निघत नाही. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजा. ३२-३४ असतील तर घाटात दम टिकेल. बिनगियरची सायकल असेल तर ती घरीच बरी.

चढाची काळजी सगळेच करतात. उताराची कोण करतं?

अपघात उतारावर होतात. घाटात ब्रेक दाबून धरायचा नसतो. रिमवर घासणारा ब्रेक सतत दाबला की रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. पुढचा-मागचा ब्रेक आळीपाळीने दाबा, सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नव्हे. आणि झिजलेले ब्रेक शू निघण्याआधी बदला. हॉटेलवर हजारो रुपये उधळणारा माणूस इथेच का काटकसर करतो?

गाडीच्या मागे कॅरियर लावलात तर नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना, ते बघा. धुक्यात मागच्या गाडीला तुमचा ब्रेक लाइट दिसलाच नाही, तर पुढचं सांगायला नको.

शिमल्याकडे जाणारे सचखंड एक्स्प्रेस पकडतात आणि अंबाल्याला उतरतात. सायकल डब्यात घेता येत नाही. ती लगेज म्हणून बुक करून ब्रेक व्हॅनमध्ये द्यावी लागते, आणि मोफत सामानाच्या सवलतीत ती बसत नाही. किमान अर्धा तास आधी सामान द्या, असं रेल्वे सांगते. तुम्ही दोन तास आधी जा. खोक्यावर नाव आणि उतरण्याचं स्टेशन ठळक लिहा, पावती खिशात ठेवा. अंबाल्याला उतरलात की चहाच्या टपरीकडे नाही, थेट ब्रेक व्हॅनकडे धावा. गाडी तुमच्या सायकलसाठी थांबत नाही.

खोक्यात भरताना पॅडल काढावी लागतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा पाना फिरवला तर ते आणखी आवळतं, जोर केला तर आटे जातात. पुढचं चाक काढलंत की फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, नाहीतर वरच्या ओझ्याने फोर्क दबतो. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठा सरकवा. चाक नसताना पोराने गंमत म्हणून ब्रेक दाबला, तर पॅड आत चिकटून बसतात आणि परक्या गावात मेकॅनिक शोधण्यात सुट्टीचा एक दिवस जातो.

आणि ज्यांच्याकडे कार नाही, रेल्वे जात नाही तिथे जायचंय, त्यांनी काय करायचं? एसटीच्या जुन्या लाल गाडीला मागे शिडी असायची, वर कॅरियर. सायकल दोरीने बांधली की झालं. आता शिडीही नाही आणि कॅरियरही नाही. हिल स्टेशनवरच्या वाहनकोंडीने सगळेच वैतागलेत. मग कार घरी ठेवून सायकल नेणाऱ्याची सोय कुणाच्याच यादीत का नाही? एसटी महामंडळाने वाई–महाबळेश्वर मार्गावरच्या चार गाड्यांना मागे सायकलचे कॅरियर बसवावेत, वेगळं तिकीट लावावं आणि एक हंगाम चालवून बघावं. आम्ही ते तिकीट आनंदाने काढू.