विलंबाची बाजू

१९६४ साली ज्या जालन्यात महिकोने संकरित बियाण्यांचा उद्योग आरंभिला, आणि पुढे ज्या गावाची औद्योगिक वसाहत भंगार वितळवून सळया ओढण्यात प्रख्यात झाली, तेथे लोखंडाचा रस होण्यास जेवढा अवधी लागतो त्याहून अधिक अवधी वजनकाट्यावरील आकड्याला मालकांच्या मेजापर्यंत पोहोचण्यास लागावा, ही गोष्ट एका रोलिंग मिलच्या शेठजींना असह्य झाली आणि तिच्या निवारणार्थ माझी नेमणूक झाली. "काट्यावर आकडा पडला की त्याच क्षणी माझ्या मोबाइलवर दिसला पाहिजे," एवढाच हुकूम होता.

कामासाठी मी जावा ही भाषा मुक्रर केली. १९९५ साली अवतरलेल्या या भाषेचा स्वभाव जुन्या मामलेदार कचेरीचा आहे. प्रत्येक वस्तूचा वर्ग, गाव आणि वकूब दप्तरी दाखल झाल्यावाचून बराच काळ ती साधा नमस्कारही करीत नसे. लायब्ऱ्या आणून देणाऱ्या मॅवेनकडे एक लायब्ररी मागावी, तर तिला लागणाऱ्या आणि त्यांनाही लागणाऱ्या अशा अनेक उतरत राहतात. आणि टॉमकॅट या सर्व्हरची दहावी आवृत्ती घेतली, तर जुन्या नमुन्यांतील 'जावाएक्स' हे नाव पुसून तेथे 'जकार्ता' लिहावे लागते, जे जावा बेटाचा भूगोल पाहता गैर म्हणवत नाही.

मूळ युक्ती मात्र सुबोध आहे. सामान्यतः ब्राउझरने विचारावे, सर्व्हरने उत्तर द्यावे आणि मौन धरावे, असा शिरस्ता असल्यामुळे नवी वार्ता हवी असणाऱ्याला पुनःपुन्हा विचारीत राहावे लागते; शेठजी काट्यावर फोन करून "गाडी आली का?" म्हणून विचारीत, तोच हा प्रकार. २०११ च्या डिसेंबरात प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटमध्ये प्रारंभीच्या हस्तांदोलनात सर्व्हरने १०१ हा आकडा उच्चारला की तार उघडीच राहते आणि सर्व्हर न विचारता बोलू लागतो. जोडलेल्या सर्वांची एक यादी ठेवावी, नवे वजन आले की यादीभर धाडावे, एवढ्यावर प्राथमिक सांगाडा उभा राहतो.

तो उभा राहिला आणि गिरणीतील शांतता संपली. ट्रक काट्यावर चढताना डुलणारा प्रत्येक आकडा शेठजींपर्यंत जाऊ लागला. चालक खाली उतरताच जे वजन घटले, त्याचा जाब चालकाचा दुसरा पाय जमिनीला लागण्यापूर्वी मागण्यात आला. आकडा स्थिरावल्यावरच तो धाडण्याची तजवीज मी केली, तरी मुनीमजींचे समाधान होईना.

"साहेब," ते म्हणाले, "पूर्वी भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, रोजकीर्द, सगळ्याची रुजुवात आम्ही संध्याकाळी घालायचो. आता चूक लगेच वर जाते. दुरुस्त करायला दिवस कुठं राहिला?"

या प्रश्नात कामचुकारपणा पाहणारे पाहोत; मला तरी त्यात हिशेबनिसाच्या धर्माचे सार दिसले. आकडा सर्वांस एकाच क्षणी कळला म्हणून तो बरोबर ठरत नाही, आणि ज्या अवकाशात तो बरोबर करून घेतला जात होता तोच मी मोबदला घेऊन नाहीसा केला होता.

आठवडाभराने शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतले आणि आवाज उतरवून विचारले, "आमच्या भागीदारांच्या मोबाइलवर हाच आकडा थोडा सवडीनं जाईल, असं काही होतं का?"

थ्रेडला निजविण्याची आज्ञा जावात पहिल्या आवृत्तीपासून आहे. मी त्या कामाचे वेगळे दरपत्रक दिले, आणि त्याची मंजुरी मात्र तत्क्षणी आली.