पावणेबाराचं पाणी

रात्री पावणेबाराला मला वरच्या फळीवरच्या चिवड्याची आठवण होते. भूक हा तिचा सोज्वळ पाठभेद. पण घरात आरोग्य शिरल्यापासून त्या डब्यात मखाणे असतात. मखाण्याला सगळे कमळबी म्हणतात. कमळाशी त्याचा संबंध नाही, ते वेगळ्याच काटेरी पाणवनस्पतीचं बी. 2022 साली ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मला शिक्षा. कोरडे खाल्ले तर पाकिटाचा पुठ्ठा खाल्ल्यासारखे लागतात. मग चमचाभर तूप, मीठ, मिरपूड, वर थोडं चीज. एवढं केलं की चिवडा लाजेल इतके पौष्टिक होतात.

फुटाणे त्या मानाने सज्जन. शंभर ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम प्रथिनं, शिवाय गुळाचा खडा. आजोबा तेच सदऱ्याच्या खिशातून खायचे; आता ते ‘रोस्टेड चना’ होऊन तिप्पट भावात येतात. आहारतज्ज्ञ सांगतात, मूठभरच खा. कितव्यांदा भरलेली मूठ, ते सांगत नाहीत.

“कोण आहे स्वयंपाकघरात?”

“मीच. पाणी पितोय.”

“मग कुरकुर कसली वाजतेय?”