किन्वाचे पोहे : अभिनंदनाचा ठराव

म्युनिकला नव्याने बस्तान बसवणाऱ्या तमाम मराठी तरुणांचे ही सभा अभिनंदन करते. घरी ताटातली मेथी बोटाने बाजूला सारणारे हे वीर तिथे केलची कडू पाने ऑलिव्ह तेलात परतून वर फोटोही काढतात. किन्वाला हिंग-मोहरीची फोडणी दिली की पोहे, ओट्स भाजले की उपमा. आता चियाची खिचडीही कुणी करावी. चिया सगळे पाणी शोषून घेईल आणि उपवास आपोआप निर्जळी होईल. रविवारी जर्मनीत दुकाने बंद, म्हणून संशोधन शनिवारच्या उरल्यासुरल्यावर चालते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष किन्वाला दिले, २०२३ भरडधान्यांना. म्हणजे जगाला ज्वारीपर्यंत यायला दहा वर्षे लागली. मुलांना घाई करू नये. पालकांनी थालीपिठाची भाजणी पाठवून या कार्यात व्यत्यय आणू नये. मागची पिशवी पहिल्याच रात्री संपली, ही नोंद इतिवृत्तातून वगळावी.