टाकीला दोन खण नसतात

फ्युएल कार्ड ही वस्तू मुळात अविश्वासापोटी जन्माला आली आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं. दहा ट्रकांचा मालक वाशीच्या ऑफिसात पंख्याखाली बसलेला, ट्रक नागपूरच्याही पुढे गेलेला आणि ड्रायव्हरच्या खिशात डिझेलसाठी दिलेली रोकड. त्या रोकडीचं पुढे काय होतं हे ड्रायव्हरला माहीत असतं आणि पंपावरच्या पोराला. मालकाला फक्त बिल मिळतं, तेही ‘किती रुपयांचं लिहू?’ असं अदबीने विचारून लिहिलेलं. तेल कंपन्यांनी ही गोम ओळखली आणि कार्डं काढली. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस. प्रत्येक गाडीला वेगळं कार्ड, त्याला पिन, रोजच्या खर्चाला मर्यादा, आणि नळी बाहेर निघते न निघते तोच मालकाच्या मोबाइलवर मेसेज. आता हेच कार्ड एकच गाडी असलेल्या माणसाने घेतलं तर काय होईल, याची कल्पना करा. समजा, कल्याणचा एक एसी दुरुस्त करणारा आहे. मालक तोच, ड्रायव्हर तोच, शिडी वर चढवणारा हमालही तोच. पंपावर उभं राहून तो दीड हजाराचं डिझेल भरणार आणि त्याच क्षणी त्याच्याच खिशात मोबाइल थरथरून त्याला कळवणार की, मालक, तुमच्या ड्रायव्हरने आत्ता दीड हजाराचं डिझेल भरलं! लोक यावर हसतात. माझं म्हणणं असं की हसावं, आणि मग मुकाट्याने कार्ड घ्यावं. कारण एकट्याने धंदा करणाऱ्याच्या पदरी असलेला सगळ्यांत बेभरवशाचा ड्रायव्हर तो स्वतःच असतो.

हा आरोप चोरीचा नाही, विसराळूपणाचा आहे. गाडी एक असते आणि संसार तिलाच चिकटलेला असतो. सकाळी ती उल्हासनगरला कॉम्प्रेसर घेऊन जाते, दुपारी मुलाला क्लासला सोडते, रविवारी मागच्या हौद्यात सतरंजी अंथरून सबंध कुटुंबाला जेजुरी दाखवून आणते. टाकीला काही दोन खण नसतात, एक धंद्याचा आणि एक घरचा. तेव्हा कुठलं डिझेल खंडोबाला गेलं आणि कुठलं कॉम्प्रेसरला, हे टाकी सांगू शकत नाही आणि मालक सांगू इच्छित नाही. शिवाय आपल्याकडे इंधन लिटरने घेतच नाहीत, रुपयांनी घेतात. ‘पाचशेचं टाक.’ फार सावध माणूस असेल तर ‘पाचशेदहाचं टाक’, कारण गोल आकड्यात पंपवाला मारतो अशी एक लोकश्रद्धा आहे. (खरी शंका असेल तर पंपावर ५ लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तपासता येतं. पण माप मागायला धीर लागतो, दहा रुपये वाढवायला लागत नाही.) मग ते पाचशेदहा रात्री रोजमेळात चढतात, चढले तर. बहुधा ते ‘किरकोळ’ या सदरात जातात. छोट्या धंद्यांच्या वह्या पाहिल्या तर मराठी माणसाचा सगळ्यांत मोठा खर्च ‘किरकोळ’ हाच असतो. राहिलं पंपाचं बिल. ते थर्मल कागदावर छापलेलं असतं आणि गाडीत गणपतीच्या फोटोमागे किंवा सन-वायझरमध्ये खोचलेलं असतं. या कागदाला उष्णतेने अक्षर उमटतं आणि उष्णतेनेच कागद खराब होतो. एप्रिल-मेचं ऊन खाल्लेली ती गुंडाळी जुलैत सीएसमोर उलगडावी, तर निम्म्या बिलांवर लिटरचा आकडा उडालेला असतो, तारीख भुतासारखी अर्धवट दिसते, आणि काही राहिलंच तर तळाचं ‘पुन्हा या’.

कार्ड घ्यायला जी कारणं सांगितली जातात ती मात्र बरीचशी पोकळ आहेत, आणि ती आधी निकालात काढलेली बरी. पहिलं कारण कराचं. ‘जीएसटी परत मिळेल’ असं पुष्कळांना वाटतं. जीएसटी १ जुलै २०१७ला आला, वऱ्हाड झाडून सगळं जेवायला बसलं, पण पेट्रोल-डिझेल अजून मांडवाबाहेरच उभं आहे. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो, तिथे इनपुट क्रेडिट नावाचा प्रकारच नाही. तेव्हा कार्डाने भरा, नोटांनी भरा नाहीतर चिल्लर मोजा, परत येणारा जीएसटी शून्यच. आयकरातही तीच तऱ्हा. १९६१च्या कायद्याने लहान धंदेवाल्यावर दया करून ठोक हिशेबाची सोय दिली. उलाढालीच्या ८ टक्के नफा धरा, पैसे बँकेतून आले असतील तर ६ टक्के, आणि सुटा. दहापर्यंत मालवाहू गाड्या भाड्याने चालवणाऱ्याला तर १२ टनांच्या आतल्या गाडीमागे महिना ७,५०० रुपये उत्पन्न धरलं की पुरे. या ठोक आकड्यात डिझेलचा खर्च आधीच वजा झालेला मानतात. म्हणजे ज्या बिलांसाठी गणपतीबाप्पांना फायलिंग क्लार्क केलं, ती बिलं यातल्या बहुतेकांना कर वाचवायला लागतच नाहीत. एका दिवसात एकाच दुकानदाराला १०,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो, हाही एक बागुलबुवा दाखवला जातो. पैसे मालवाहतूकदाराला त्याच्या गाडीभाड्यापोटी दिले तर ३५,०००ची मुभा आहे. पण छोट्या टेम्पोची टाकी ३० लिटरची. डिझेल ९० रुपयांच्या आसपास धरलं तर काठोकाठ भरूनही २,७०० होतात. कायदा मोडायची इच्छा असली तरी मावणार कुठे?

दुसरं कारण पॉइंटांचं. इथे आपल्या लोकांची बुद्धी विशेष चालते. समजा पॉइंटांपोटी लिटरला तीस पैसे सुटतात. तीस लिटरमागे झाले नऊ रुपये. हे नऊ रुपये मिळवायला आपल्या कंपनीचा पंप हवा, आणि तो असतो तीन किलोमीटर उलट दिशेला. जाऊन येऊन सहा किलोमीटर, लिटरला पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर ३६ रुपयांचं डिझेल. ३६ घालून ९ कमावणारा माणूस रात्री बायकोला अभिमानाने सांगतो की पॉइंट साठतायत, कुकर येईल. बँकेच्या क्रेडिट कार्डाचा मासला आणखी सुरस आहे. पंपावर ते घासलं की साधारण १ टक्का सरचार्ज लागतो आणि बऱ्याच कार्डांवर ठराविक मर्यादेत तो नंतर माफ होतो. ३,००० रुपयांवर ३० रुपये गेले, ३० परत आले, माणूस खूश. पण त्या सरचार्जवर १८ टक्के जीएसटी लागलेला असतो, ५ रुपये ४० पैसे, तो परत येत नाही. ज्या डिझेलला जीएसटीने मांडवात घेतलं नाही, त्याच्यासोबत तो मागच्या दाराने घरी येतो आणि अहेर घेऊन जातो.

मग उरलं काय? कुणी विचारील की नोंदच हवी तर यूपीआय आहे की, आणखी एक प्लॅस्टिक कशाला? हा आक्षेप वजनदार आहे आणि निम्मा खराही. रोखीपेक्षा यूपीआय शंभर पटीने बरं. पण यूपीआय रुपये सांगतं, लिटर सांगत नाही, आणि कुठल्या गाडीत भरलं तेही सांगत नाही. महिनाअखेरीस त्या लांबलचक यादीत कुठल्याशा ‘ऑटोमोबाइल्स’ला गेलेले पाचशे दिसतात. ते डिझेलचे, पंक्चरचे की पंपाशेजारच्या वडापावचे, यावर घरात चर्चा झडू शकते. शिवाय त्याच खात्यातून दूध, शाळेची फी आणि भिशी. इंधन कार्डाचं मोल नेमकं त्याच्या अडाणीपणात आहे. त्याला दूध कळत नाही, भिशी कळत नाही. एका गाडीत किती लिटर गेलं एवढं एकच वाक्य ते जन्मभर बोलतं. आणि बहुतेक वेळा त्यात आधी पैसे भरून ठेवावे लागत असल्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेला माणसाला आकडा ठरवावा लागतो. ‘या महिन्यात डिझेलला किती?’ हा प्रश्न ज्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, त्याला तो विचारला जातो. उत्तर येत नाही तेव्हाच कळतं, गिऱ्हाइकाला ‘व्हिजिट चार्ज दोनशे’ हे आपण कशाच्या आधारावर सांगत होतो. अंबरनाथला दोनशेत जाऊन दोनशेदहा खर्चून येणारे कारागीर थोडेथोडके नाहीत, फक्त त्यांना ते माहीत नसतं.

कार्ड चोरी पकडत नाही, हा दुसरा आक्षेप, आणि तो मी बिनशर्त मान्य करतो. डिझेल टाकीत गेलं एवढंच कार्डाला ठाऊक, पुढच्या वळणावर रबरी नळीने कॅनमध्ये उतरलं ते त्याच्या कक्षेबाहेर. पिनचंही तसंच. चार आकडी पिन सहसा गाडीच्याच नंबरचा असतो, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच रंगवलेली. जे त्याहून हुशार, ते पिन बॉलपेनने कार्डाच्या पाकिटावर लिहून ठेवतात. पण एकट्या धंदेवाल्याला नळीवाल्या ड्रायव्हरची भीती नाही. त्याच्याकडून डिझेल काढून घेणारी माणसं घरचीच, आणि त्यांना नळीची गरज पडत नाही, ‘जरा नाक्यापर्यंत सोड’ एवढं पुरतं. एकाच कंपनीच्या पंपांना बांधून घेणं हा तिसरा आक्षेप. शहरात तो फुसका आहे. पण ज्याचा धंदा आडगावात, जिथे वीस किलोमीटरवर एकच पंप आणि तोही नेमका दुसऱ्या कंपनीचा, त्याने खुशाल वही घालावी. फक्त वहीत लिटर लिहावेत आणि ‘किरकोळ’ हे पान फाडून टाकावं.

राहता राहिला किलोमीटरचा आकडा. काही कार्डांत मशीन रक्कम घेण्याआधी गाडीचं रीडिंग मागतं. सगळी करामत या एका आकड्यात आहे, कारण महिन्याच्या किलोमीटरांतून धंद्याच्या खेपा वजा केल्या की जेजुरी आपोआप दिसू लागते. पण हा आकडा विचारला जातो तेव्हा माणूस गाडीतून उतरलेला असतो, चष्मा डॅशबोर्डवर असतो, मागे तीन रिक्षा हॉर्न देत असतात आणि पंपावरचा पोरगा ‘साहेब, काहीतरी टाका ना’ म्हणत असतो. साहेब १२३४५ टाकतात. पुढच्या खेपेला पुन्हा १२३४५. मग महिनाअखेर स्टेटमेंट उघडलं की त्यात स्वच्छ छापलेलं सापडतं: चार वेळा डिझेल भरलं, एकूण शंभर लिटर, आणि गाडी जागची हललेली नाही.