अपग्रेडवीर

पन्नाशीला टेकलेल्या पुणेकराला एकतर ट्रेकिंग लागतं, नाहीतर होमिओपॅथी. ज्यांना दोन्ही पचत नाहीत ते माउंटन बाइक घेतात. घेताना पुढच्या शॉकअपचे आणि टायरांवरच्या जाडजूड गोट्यांचे जादा पैसे आनंदाने मोजतात. पहिल्या वर्षी त्यांचं मत असतं, की आपल्या रस्त्यांवर शॉकअपशिवाय सायकल चालवणं म्हणजे मणक्याशी वैर. दुसऱ्या वर्षी मत असतं, की शॉकअप ही ग्राहकाची शुद्ध फसवणूक. मधल्या काळात सायकल फारशी चाललेली नसते. वाचन मात्र खूप झालेलं असतं.

पंचाईत अशी, की त्यांचं म्हणणं खरं असतं. स्वस्तातला स्प्रिंगचा शॉकअप अडीच किलोच्या घरात जातो. चढावर उभं राहून पेडल मारलं की पायातला जोर चाकाऐवजी स्प्रिंग दाबण्यात खर्ची पडतो. गोट्यांचे टायर डांबरावर घरघरतात आणि ओढ खातात. त्याजागी किलोभराचा साधा स्टीलचा रिजिड फोर्क आणि दीड इंची गुळगुळीत टायर घातले तर कोथरूड ते खडकवासला सायकल खरोखर हलकी पळते. डोंगरावर जायचंच नसेल तर डोंगराचा सरंजाम कशाला? वीरांची सायकल वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहते, पण टेकडी तिने गॅलरीतूनच पाहिलेली असते.

बायकोचा प्रश्न साधा असतो. "म्हणजे आहे ते काढायचं, आणि काढायचे वर पैसे द्यायचे?"

"दीड किलो वजन कमी होतं."

तिची नजर सायकलीवरून सावकाश त्यांच्या पोटावर येते. विषय संपतो.

वजन हा हळवा भाग आहे. मुलाकडे अमेरिकेला जाताना बॅगा तोलायला आणलेला हुकाचा काटा आता वीरांच्या ताब्यात असतो. त्याला टायर लटकतात, सीट लटकते, एकदा तर घंटाही लटकलेली पाहिली आहे. न्हाणीघरातल्या काट्यावर मात्र धूळ आहे.

मग मोजमाप. शॉकअपची लांबी चाकाच्या आसापासून वरच्या जोडापर्यंत घ्यायची, माणूस बसल्यावर तो जेवढा दबतो तेवढी वजा करायची, आणि त्या लांबीचा फोर्क शोधायचा. आखूड आला तर सायकल नाक खाली घालते, हँडल चंचल होतं, पेडल जमिनीला लागू पाहतं. ही सगळी माहिती मला सोसायटीच्या वार्षिक सभेत, पाण्याच्या टाकीच्या गळतीवर चर्चा चालू असताना मिळाली.

फोर्क येतो. मग कळतं की डिस्क ब्रेकला वेगळा ॲडॅप्टर लागतो. तो येतो. मग कळतं की बेअरिंगची खालची कडी जुन्या फोर्कच्या बुडाशी घट्ट बसली आहे आणि ती काढायला खास हत्यार लागतं. त्या हत्याराचे व्हिडिओ वीरांनी मन लावून पाहिलेले असतात. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पाहिलेले नसतात. तो छिन्नी लावतो, हातोडीचे चार ठोके घालतो आणि कडी टुणकन बाहेर येते. चारही ठोके वीरांच्या काळजावर बसतात.

"साहेब, हा तर नुसता चिमटा आहे," नवा फोर्क हातात फिरवत मेकॅनिक म्हणतो. "आमच्या दूधवाल्याच्या सायकलीला हाच आहे. केवढ्याला पडला?"

वीर किंमत अर्धी करून सांगतात. बायकोला सांगितलेलीच, एकच आकडा लक्षात ठेवणं सोपं जातं.

पहिली फेरी भल्या पहाटे होते. चढ संपेपर्यंत स्वर्ग. उतारावर पहिला स्पीडब्रेकर येतो, मग दुसरा, मग महापालिकेने खोदून अर्धवट बुजवलेला चर. परत आल्यावर वीर चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मनगटं दुखतात असं म्हणत नाहीत; "रस्ता कळतो," म्हणतात. आठवड्याभरात त्यांना नवा शोध लागलेला असतो: खरा शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. रुंद टायर, कमी दाब. दीड इंची काढून दोन इंचांच्या पुढचे घ्यावेत. म्हणजे मूळ टायरांएवढेच रुंद, फक्त बिनगोट्यांचे. नव्या फोर्कच्या दोन पायांत ते मावतील का, ते मोजणं चालू आहे.

दरम्यान प्रचारही सुरू असतोच. सोसायटीत कुणाची नवी सायकल आली की वीर पार्किंगमध्ये हजर. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत पोरं जुन्या, फुगीर टायरांच्या सायकलींवरून डोंगर उतरायच्या शर्यती लावत, तेव्हा कुणाकडे होता शॉकअप? रॉकशॉक्सचा पहिला फोर्क यायला पुढे बारा-तेरा वर्षं लागली! ऐकणारा मान डोलावतो आणि लिफ्टचं बटण दाबतो.

परवा तिसऱ्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल घेऊन आला. वीरांनी आपली शेजारी लावली आणि म्हणाले, "बघ जरा दाबून."

पोराने दोन्ही हातांनी हँडल दाबलं. पुन्हा दाबलं. मग वजन टाकून दाबलं.

"काका, तुमचा जाम झालाय. ग्रीस घाला."

वीरांनी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि १९७६ पासून सुरुवात केली.