एडिसनचे काका बाड्यावर

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उभं राहिलं की आपण नेमके कुठल्या देशात आलोत याचा पत्ता लागत नाही. पोस्ट ऑफिस, टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, सरकारी छापखाना, स्टेट बँक, सगळ्यांची तऱ्हा निराळी. मधोमध शिंदे महाराजांचा पुतळा आणि त्याच्या अवतीभोवती मोजे, स्वेटर विकणाऱ्यांचा गलका. भोवतालच्या सात इमारती सात शैलींच्या आहेत, असं इथल्या लष्कर भागातला कुठलाही माणूस न विचारता सांगतो. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेल्या काकांनी इथे आठवी, अमेरिकन शैली शोधायला घेतली, यात त्यांचा फारसा दोष नव्हता. ते डायनर शोधत होते.

न्यू जर्सी म्हणजे डायनरांची पंढरी. आगगाडीच्या डब्यासारखी लांबट इमारत, बाहेरून चकचकीत स्टेनलेस स्टील, आत लांबलचक काउंटर, त्यापुढे गोल फिरणारी स्टुलं आणि खिडकीला लागून रेक्झिनचे बाक. बरेच डायनर ग्रीक कुटुंबांनी चालवलेले, त्यामुळे जाडजूड मेनूत पॅनकेकच्या शेजारी ग्रीक सॅलडही सुखाने नांदतं. काही ठिकाणी रात्री दोनला गेलात तरी न्याहारी मिळते: अंडी, किसून तव्यावर खरपूस केलेला बटाटा, वर मेपल सिरपचे पॅनकेक. वेट्रेस सत्तरीच्या गिऱ्हाइकालाही ‘हनी’ म्हणते आणि कॉफीचा कप रिकामा दिसला की न विचारता भरते. काकांना अमेरिकेत सगळ्यात जास्त काय भावलं असेल, तर हा न विचारता भरलेला कप. पैसे एकाच कपाचे द्यायचे असतात, हेही त्यात आलंच.

पहिल्या रात्री काका तीन वाजता टक्क जागे झाले. पोटात अजून एडिसनचे दुपारचे साडेचार वाजले होते. डायनर असता तर ऑम्लेट मिळालं असतं. लष्करातल्या घरात थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, स्वयंपाकघराला कडी घातलेली होती. उजाडेपर्यंत कूस बदलून काका नेमके आठला झोपले आणि दुपारी एकला बाड्यावर बेडई खायला पोचले. हलवाई कढई घासत होता.

“बेडई? कल सुबह आना.”

काकांनी त्याला डायनरची महती सांगितली. चोवीस तास न्याहारी, वर्षाचे बाराही महिने. हलवायाने कढई खाली ठेवून ती नीट ऐकून घेतली.

“तो फिर वहाँ ताज़ा कब बनता है?”

यावर काकांकडे उत्तर नव्हतं. खरं तर डायनरमध्ये अंडं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडतात, हे त्यांना नंतर, घरी गेल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी अक्काच त्यांना हाताला धरून घेऊन आली. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं पुरण भरलेली, तेलात टम्म फुगून कडक झालेली पुरी. सोबत हिंगाचा वास मारणारी, झणझणीत, पातळ बटाट्याची भाजी. उभ्याउभ्या खायची. काकांचा द्रोण अर्धा रिकामा झाला आणि पोऱ्याने न विचारता त्यात पळीभर भाजी ओतली. काका हरखले. पुन्हा रिकामा झाला, पुन्हा पळी आली. इथेही पैसे बेडईचे, भाजी बिनहिशेबी. तिसऱ्या पळीला काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कृतज्ञतेचं की मिरचीचं, हे अक्काने विचारलं नाही.

त्या आनंदात काकांनी तिला डायनरची बोली शिकवायला घेतली. टोस्टवर दोन पोच्ड अंडी हवी असतील, तर जुन्या काळी वेट्रेस स्वयंपाक्याला ‘तराफ्यावर आदम आणि इव्ह’ अशी आरोळी ठोकायची.

“म्हणजे खायच्या आधीच अंड्यांना नावं ठेवतात?” अक्का म्हणाली.

काका डायनरला आगगाडीचं पोर समजतात. ते खरं नाही. डायनर मुळात बाड्यावरच्या ठेल्याच्याच जातीचा. 1872 साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावी वॉल्टर स्कॉट नावाच्या छापखान्यातल्या माणसाने घोडागाडीतून सँडविच, उकडलेली अंडी, पाई आणि कॉफी विकायला सुरुवात केली. (कादंबऱ्या लिहिणारा वॉल्टर स्कॉट तो वेगळा, त्याला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.) गिऱ्हाइकं म्हणजे ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ वर्तमानपत्रात रात्रपाळी करणारी माणसं, कारण खाणावळी संध्याकाळीच बंद व्हायच्या. पावसात भिजणारं गिऱ्हाईक पाहून 1887 मध्ये वुस्टरच्या सॅम्युएल जोन्सने आत उभं राहता येईल एवढी मोठी गाडी काढली. पुढे पालिकांनी गाड्यांच्या वेळांवर बंधनं घातली, तेव्हा मालकांनी त्या एका जागी कायमच्या उभ्या केल्या. कारखान्यात तयार झालेला अख्खा डायनर रस्त्याने नाहीतर रुळांवरून न्यायचा, म्हणून तो अरुंद आणि लांब. रेल्वेच्या डब्याचा तो चकचकीत साज 1930 च्या दशकात चढला, झोकदार नव्या गाड्या पाहून. थोडक्यात, पालिकेची नजर पडली तेव्हा अमेरिकेतल्या ठेलेवाल्यांनी चाकं काढली. बाड्यावरच्यांनी चाकांना तेल घातलं.

आगगाडीचीच हौस असेल तर ग्वाल्हेरने काय करून ठेवलंय ते काकांनी जयविलास राजवाड्यात पाहिलं. दरबार हॉलमधली ती साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं, आणि ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून बघितल्याची कथा, हे सगळे बघतात आणि ऐकतात. काका मात्र भोजनगृहातून हलेनात. तिथल्या लांबलचक टेबलावर रूळ आहेत आणि रुळांवर चांदीची आगगाडी. डब्यांत ब्रँडी आणि सिगार. गाडी पाहुण्यांपुढून फिरायची, कुणी सुरई उचलली की थांबायची, परत ठेवली की सुटायची. न विचारता ग्लास भरण्याची ही राजेशाही रीत. वेट्रेसही नको आणि ‘हनी’ही नको. तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांना रेल्वेचं विलक्षण वेड. टेबलावर चांदीची गाडी, तर राज्यात दोन फुटी रुळांची छोटी लाइन, थेट श्योपूरपर्यंत, सुमारे 200 किलोमीटर. ती 2020 पर्यंत धावत होती आणि तिच्या टपावरही माणसं बसायची. तिथे अर्थात ब्रँडीची सोय नव्हती.

“ही चांदीची गाडी चालू करतात का?” काकांनी पहारेकऱ्याला विचारलं. त्याने काकांकडे असं पाहिलं की अक्काने त्यांना बाहेर काढलं आणि रिक्षात बसवून स्टेशन रोडवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये नेलं.

इथे काका खऱ्या अर्थाने घरी आले. डोसा आहे, ऑम्लेट आहे, टोस्ट आहे, कटलेट आहे. तुरेदार फेटा बांधलेले वाढपी आहेत आणि कितीही वेळ बसलं तरी कुणी उठवत नाही. 1957 च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहं बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी, कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने, सहकारी संस्था काढून ती चालवली. मालक कोण, तर वाढपी आणि स्वयंपाकी. असा बाणा न्यू जर्सीतही सहसा बघायला मिळत नाही.

कॉफी संपल्यावर काकांनी कप सवयीने टेबलाच्या कडेला सरकवला आणि हसतमुखाने वाट पाहत बसले. वाढपी आला, त्याने कप उचलला आणि त्या जागी बिल ठेवलं. काकांनी मनातल्या मनात वीस टक्के टिपचा हिशेब केला आणि बशीत नोटा ठेवल्या. अक्काने त्यांतल्या दोन उचलून पर्समध्ये टाकल्या.

“चल, ऊठ. नया बाजारात बहादुराकडे बुंदीचे लाडू घ्यायचेत. अटलजींना आवडायचे. आणि तिथे तरी कप पुढे करू नकोस.”